नवा समुद्री मासा खात नाही, तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नव्याने आणलेला मासा खाद्याला तोंड लावत नाही, किंवा लावतो आणि तरीही खंगत जातो. माशांच्या जाती निरनिराळ्या असल्या, तरी जवळपास प्रत्येकाने ‘कोणते खाद्य द्यावे?’ एवढेच विचारले आहे. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. मासा खात का नाही, हे आधी ठरवावे लागते. कारण घाबरलेल्या, दमलेल्या किंवा आजारी माशापुढे उत्तमातले उत्तम खाद्य टाकले, तरी ते तळाशी जाऊन कुजते आणि पाणी बिघडवते, एवढाच त्याचा परिणाम होतो. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमचा टँक 400 लिटरचा असून दोन वर्षे व्यवस्थित चालला आहे. चार दिवसांपूर्वी कॉपरबँड बटरफ्लायफिश आणला. त्याला फ्लेक, पेलेट आणि गोठवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) असे तिन्ही प्रकार देऊन पाहिले. तो खाद्याजवळ येतो, निरखतो आणि वळून जातो. टँकमध्ये आधीपासून एक यलो टँग, एक सिक्सलाईन रॅस आणि क्लाऊनफिशची जोडी आहे. आता काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातला ‘जवळ येतो, निरखतो’ हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जो मासा दिवसभर कोपऱ्यात तोंड लपवून असतो किंवा प्रवाहाच्या तोंडाशी जोरजोरात कल्ले हलवत राहतो, त्याची अडचण वेगळी असते आणि ती खाद्याने सुटत नाही. आपला मासा भुकेला आहे. मात्र समोर तरंगते ते अन्न आहे हे त्याने अजून ओळखलेले नाही, किंवा ओळखले असले तरी इतरांच्या देखत ते घेण्याइतका तो निर्धास्त झालेला नाही.

कॉपरबँड हा हिंदी महासागराच्या पूर्व भागापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंतच्या प्रवाळखडकांवरचा मासा. त्याचे लांब, निमुळते तोंड खडकांच्या फटींतून लहान कृमी आणि कवचधारी जीव टिपण्यासाठी बनलेले आहे. वरून पडून पाण्यात भिरभिरणारी वस्तू खावी, असा अनुभव त्याला आयुष्यात आलेला नसतो. त्यातच पकडणारा, निर्यातदार, घाऊक व्यापारी आणि दुकान असे टप्पे पार करत तो आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि पिशवीतले पाणी विष्ठेने खराब होऊ नये म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी त्याला एक-दोन दिवस मुद्दाम उपाशी ठेवलेले असते. म्हणजे आपण मोजता ते चार दिवस त्याच्या उपासाचे शेवटचे चार दिवस आहेत. लांबलेल्या उपासाने आतड्याचे अस्तर झिजते आणि पाचकरसही कमी होतात, त्यामुळे तो खाऊ लागल्यावर त्याला एकदम पोटभर चारण्याचा मोह टाळावा; सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा, अगदी थोडे, हेच योग्य ठरते.

आजच्या आज पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राईट शून्य असावेत, तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असावे आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारेपणाचे माप) 1.024 ते 1.026 च्या दरम्यान असावे. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. परजीवींचा त्रास कमी व्हावा म्हणून अनेक दुकानांत मासे 1.018 ते 1.020 इतक्या कमी खारेपणात ठेवलेले असतात. माशाला खारेपणातली घट तुलनेने सहज सोसते, पण अचानक झालेली वाढ सोसत नाही, आणि असा मासा थेट 1.025 च्या पाण्यात आला तर काही दिवस मलूल राहून अन्न नाकारतो. पुढच्या खेपेस दुकानातल्या पाण्याचे गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटरने मोजून घ्यावे, आपला विलगीकरणाचा टँक त्याच पातळीवर ठेवावा आणि मग दिवसाला 0.001 ते 0.002 इतक्या धिम्या गतीने ते वाढवत न्यावे.

पाणी ठीक असेल, तर माझा संशय आपल्या यलो टँगवर आणि त्याहून अधिक सिक्सलाईन रॅसवर आहे. रॅस लहान असला, तरी तो चपळ, भांडखोर आणि आपल्या हद्दीबाबत अतिशय दक्ष असतो. कॉपरबँड खाद्याचा विचार करेपर्यंत तो ते संपवूनही मोकळा होतो. त्यामुळे कॉपरबँडला टँकमध्येच टांगता येणाऱ्या, पाणी खेळते ठेवणाऱ्या छिद्रांच्या पारदर्शक पेटीत, किंवा शक्य असल्यास स्वतंत्र शांत टँकमध्ये हलवावे. पेटीचा फायदा असा, की इतर मासे खाताना त्याला दिसतात आणि पाहून शिकण्याची माशांची क्षमता आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी असते. त्या भागातला दिवा मंद ठेवावा आणि शिरायला एखादी नळी किंवा खडकाची कपार द्यावी. लपायला जागा मिळाल्यावर मासा उलट अधिक बाहेर येतो, हे नवशिक्यांना पटत नाही, पण ते खरे आहे.

आता खाद्य. फ्लेक आणि पेलेट सध्या बाजूला ठेवावेत. जिवंत शिंपला स्वच्छ धुऊन, उघडून, त्याचा मांसाचा अर्धा भाग खडकाला टेकवून ठेवावा. शिंपल्याचे मांस जागेवर स्थिर असते, त्याला वास असतो आणि ते कवचाच्या खोलगट भागातून टोचून काढावे लागते. कॉपरबँडच्या तोंडाला हेच काम ओळखीचे आहे. जिवंत ब्लॅकवर्म मिळत असतील, तर तेही बहुतेक कॉपरबँड नाकारत नाहीत, मात्र ते गोड्या पाण्यातले कृमी असल्याने खाऱ्या पाण्यात काही मिनिटेच तग धरतात, म्हणून एका वेळी मोजकेच सोडावेत. शिंपला नियमित खाल्ला जाऊ लागला, की त्याच मांसावर बारीक चिरलेली मायसिस कोळंबी दाबून बसवावी, पुढे ती खडकाच्या फटींत भरावी आणि अखेरीस ड्रॉपरने त्याच्या तोंडासमोर हळूच सोडावी. या सगळ्याला दोन आठवडेही लागू शकतात.

आपल्याकडून एक गोष्ट मात्र टळायला हवी : दर खेपेस नवे खाद्य. आज फ्लेक, उद्या पेलेट, परवा आर्टेमिया असे केल्याने माशाला कशाचीच ओळख होत नाही. एकच खाद्य, एकाच जागी, ठरलेल्या वेळी, काही दिवस सलग द्यावे. गोठवलेल्या प्रौढ आर्टेमियाबद्दल सांगायचे, तर त्यात बहुतांश पाणीच असते. भूक चाळवण्यासाठी ते ठीक आहे, पण त्यावर मासा जगवता येत नाही. त्याचप्रमाणे हा मासा एप्टेशिया (टँकमध्ये तणासारखे पसरणारे समुद्रपुष्प) खातो म्हणून आणला असेल, तर ते काही त्याचे जेवण नव्हे. टँकमधला एप्टेशिया संपला, की तो पुन्हा उपाशीच.

माशाकडे समोरून आणि वरून रोज एकदा नीट पाहावे. पोट आत गेलेले असेल, तर अजून वेळ आहे. डोळ्यांच्या वरचा आणि पाठीचा भाग खोलगट दिसू लागला, तर शरीर स्नायू जाळू लागले आहे असे समजावे आणि तो मासा ताबडतोब वेगळा करून जिवंत खाद्यावर घ्यावा.

प्रश्न : मासा घरी आणल्यानंतर तो खात नाही हे कळून काय उपयोग? दुकानातच हे कसे ओळखावे?

उत्तर : विक्रेत्याला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. ‘कालच भरपूर खाल्ले’ या आश्वासनाला माझ्या लेखी काहीही किंमत नाही, आणि समोर खाद्य टाकायला जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून मासा घेऊ नये. मासा खाद्याकडे धावला पाहिजे, ते गिळले पाहिजे आणि नंतर थुंकले नाही पाहिजे; तोंडात घेऊन बाहेर टाकणे म्हणजे खाणे नव्हे. कोणते खाद्य टाकले, त्याचे नाव लिहून घ्यावे, कारण घरी पहिल्या दिवशी तेच द्यायचे आहे.

नुकत्याच आलेल्या खेपेतला मासा लगेच घेऊ नये. आठवडा-दीड आठवडा तो दुकानात राहू द्यावा. सर्वांत कमकुवत मासे याच काळात मरतात, हे ऐकायला कठोर वाटले तरी खरे आहे. बंदिस्त पैदाशीचे मासे मिळत असतील, तर तेच घ्यावेत. क्लाऊनफिश, बंगाई कार्डिनल आणि समुद्री घोड्यांच्या काही जाती आता टँकमध्ये वाढवलेल्या मिळतात, आणि त्यांना लहानपणापासून तयार खाद्याची सवय असल्याने हा सारा खटाटोपच वाचतो.

काही मासे मात्र खात असले तरी घेऊ नयेत. ऑर्नेट आणि मेयर्स या बटरफ्लायफिशच्या जाती जवळजवळ पूर्णपणे जिवंत प्रवाळांच्या पॉलिपवर जगतात. मूरिश आयडॉल हा अनुभवी मंडळींच्याही हातून सहसा टिकत नाही. असे मासे दुकानात येतात, ते कोणीतरी विकत घेते म्हणून.

प्रश्न : माझा नवा यलो टँग मायसिस आणि पेलेट अधाशासारखा खातो, तरीही गेल्या तीन आठवड्यांत तो वाळत चालला आहे. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी दिसते. पोटात जंत असतील का?

उत्तर : असतीलही, पण घाईने औषध देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा हे आतड्यातील परजीवींचे लक्षण असू शकते. मात्र उपाशी किंवा अर्धपोटी माशाच्या आतड्यातून नुसता श्लेष्मा बाहेर पडतो आणि तोही तसाच दिसतो. त्यामुळे केवळ विष्ठेच्या रंगावरून निदान करता येत नाही.

पहिली शंका आहाराचीच आहे. यलो टँग हा हवाई बेटांच्या परिसरात मोठ्या संख्येने आढळणारा, शेवाळ खाणारा मासा असून तो निसर्गात उजाडल्यापासून मावळेपर्यंत खडकांवर चरत असतो. दिवसातून दोनदा मूठभर मांसाहारी खाद्य हे त्याच्या दृष्टीने अधूनमधून मिळालेले खाणे झाले. अधाशीपणाचे कारणही बहुधा तेच आहे. त्याला दिवसभर समुद्री शेवाळ उपलब्ध असायला हवे. मीठ, तेल किंवा मसाला न लावलेली साधी नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पातळ पट्टी) क्लिपला लावून काचेवर चिकटवावी. नवा टँग काही वेळा क्लिपलाच घाबरतो. तसे झाल्यास नोरीची पट्टी रबर बँडने छोट्या खडकाला गुंडाळून तळाशी ठेवावी, म्हणजे ती त्याला खडकावर उगवलेल्या शेवाळासारखी वाटते. ग्रासिलेरिया किंवा उल्वा हे ताजे शेवाळ मिळाले, तर अधिक चांगले. मायसिस बंद करू नये, कारण वाळलेल्या माशाला वजन भरून काढण्यासाठी प्रथिने आणि स्निग्धांश लागतातच, पण त्यासोबत स्पिरुलिना असलेले खाद्य द्यावे.

दुसरी शंका दादागिरीची. आपण समोर असताना जे दिसते, ते टँकमधले खरे चित्र असेलच असे नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून अर्धा तास पाहावे. टँकमध्ये आधीचा दुसरा टँग असेल, तर तो नव्याला शेवाळापासून हाकलत असणार. अशा वेळी काचेला बाहेरून आरसा लावून ठेवण्याची एक जुनी युक्ती आहे : आधीचा टँग स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत राहतो आणि नव्याला चार दिवस उसंत मिळते. काही खडकांची मांडणी बदलल्यानेही हद्दी पुसल्या जातात. यांपैकी कशानेच भागले नाही, तर दोघांतला एक परत करण्यावाचून पर्याय नाही. टँगांचे वैर ‘आपोआप मिटेल’ या आशेवर अनेक मासे गेले आहेत.

भरपूर शेवाळ, शांतता आणि स्वच्छ पाणी मिळूनही दहा-बारा दिवसांत पोट भरलेले दिसले नाही, तर परजीवींचा विचार करावा. कृमींच्या काही प्रकारांवर प्राझिक्वांटेल आणि एकपेशीय परजीवींवर मेट्रोनिडाझोल वापरतात. आतड्यातल्या परजीवींसाठी हे औषध पाण्यात टाकण्यापेक्षा खाद्यातून देणे अधिक परिणामकारक ठरते, कारण ते जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचते. आपला मासा खातो आहे, ही या बाबतीत मोठीच जमेची बाजू आहे. मात्रा मात्र माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावी.

प्रश्न : लसणाच्या रसात खाद्य भिजवून दिल्यास मासे खाऊ लागतात, असे सगळेच सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : काही माशांना तो वास आकर्षित करतो, त्यामुळे एखाद-दुसऱ्या वेळी करून पाहण्यास हरकत नाही. लसणाने व्हाईट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवींचा आजार) बरा होतो, हा समज मात्र सोडून द्यावा. माझा स्वतःचा कल शिंपल्याचा किंवा मायसिसचा वितळलेला रस पेलेटवर टाकण्याकडे आहे. समुद्री माशाला समुद्रातलाच वास अधिक ओळखीचा.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या 120 लिटरच्या टँकमध्ये मँडरीन आणला आहे. तो दिवसभर खडकांवर काहीतरी टिपताना दिसतो, पण मी दिलेले खाद्य घेत नाही. टिपतो आहे म्हणजे त्याचे पोट भरत असेल ना?

उत्तर : दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. मँडरीन टिपत असतो ते कोपेपॉड आणि तत्सम सूक्ष्म कवचधारी जीव. ते पुष्कळ असले तरी तो टिपतो आणि संपत आले तरी टिपतच राहतो, त्यामुळे पाहणाऱ्याला फरक कळत नाही. पोटात फारसा साठा करून ठेवण्याची त्याची रचना नाही; दिवसभरात शेकडो लहान घास घेत राहणे, हीच त्याची रीत. तीन महिन्यांचा टँक म्हणजे कोपेपॉडांची वसाहत नुकतीच मूळ धरत असलेला टँक, आणि 120 लिटरमधली ती वसाहत एक मँडरीन काही आठवड्यांत फस्त करू शकतो. सर्वसाधारणपणे निदान वर्षभर जुना, 250 ते 300 लिटरच्या आसपासचा आणि भरपूर लाईव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले खडक) असलेला टँक या माशासाठी सुचवला जातो. हे आपल्याला खरेदीपूर्वी सांगितले जायला हवे होते.

आता मासा आणलाच आहे, तर दुहेरी उपाय करावा. एकीकडे टिस्बे किंवा टिग्रिओपस जातीचे जिवंत कोपेपॉड दिवे मालवल्यानंतर, पंप थोडा वेळ बंद ठेवून, खडकांच्या तळाशी सोडावेत, आणि शक्य असल्यास केटोमॉर्फा शेवाळाचे रेफ्युजियम (मुख्य टँकला जोडलेली वेगळी टाकी) जोडावे, म्हणजे कोणी खाणार नाही अशा जागी त्यांची पैदास होत राहील. सिक्सलाईन रॅससारखा तेच खाणारा दुसरा मासा टँकमध्ये नसावा. दुसरीकडे त्याला गोठवलेल्या खाद्याची सवय लावण्यास आजच सुरुवात करावी, कारण मासा अशक्त झाल्यावर शिकवणे जमत नाही.

त्यासाठी मँडरीनला जाळीच्या किंवा छिद्रांच्या पेटीत ठेवून त्यात नुकतेच अंड्यांतून निघालेले आर्टेमिया दिवसातून अनेकदा सोडावे. आर्टेमियाची अंडी 25 ते 28 अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात, सतत हवा आणि उजेड दिल्यास साधारण 24 ते 36 तासांत उबतात. ही पिल्ले ताजी असताना त्यांच्यात अंड्यातला पोषक बलक शिल्लक असतो आणि तासागणिक तो घटत जातो, म्हणून ती लगेच खाऊ घालावीत. उरली तर पहिली कात टाकल्यावर, म्हणजे सुमारे 12 तासांनी, ती स्वतः खाऊ लागतात आणि तेव्हा त्यांना मेदाम्लयुक्त द्रावणात ठेवून पुन्हा पोषक करता येते. मासा ती सरावाने खाऊ लागला, की त्यांत गोठवलेली पिल्ले आणि माशांची बारीक अंडी मिसळावीत आणि जिवंतांचे प्रमाण हळूहळू कमी करावे. बहुसंख्य मँडरीन या मार्गाने शिकतात, सगळे नाही. आपला मासा महिनाभरात शिकला नाही आणि त्याची पाठ बारीक होत गेली, तर मोठा, जुना टँक असलेल्या एखाद्या शौकिनाकडे तो सोपवावा, असे मी स्पष्टच सुचवेन.

प्रश्न : लायनफिश फक्त जिवंत मासेच खातो. मी त्याला लहान गोल्डफिश देतो आणि तो आनंदाने खातो. काहीजण हे चुकीचे म्हणतात. मासा खातो आहे, मग चूक काय?

उत्तर : चूक गोल्डफिशमध्ये आहे. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज हे विकर असते आणि ते थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, नष्ट करते. रोज तेच खाणाऱ्या लायनफिशला काही महिन्यांत या जीवनसत्त्वाची उणीव जाणवू लागते, आणि गंमत अशी की भूक मंदावणे हेच त्या उणिवेचे सुरुवातीचे लक्षण असते; पुढे तोल जाणे आणि झटके येणे इथपर्यंत मजल जाते. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांतील मेदाम्लांची जुळणी समुद्री शिकाऱ्याला मानवत नाही आणि त्याचे यकृत मेदाने भरत जाते. गोल्डफिशसोबत आजारही येतात, ते वेगळेच.

लायनफिश दबा धरून शिकार करतो आणि हालचाल दिसल्याशिवाय झडप घालत नाही. त्यामुळे खाद्य बदलताना हालचाल आपण पुरवायची असते. प्रथम गोल्डफिशऐवजी जिवंत घोस्ट श्रिम्प द्यावी आणि ती देण्यापूर्वी दिवसभर तिला चांगले पेलेट खाऊ घालावेत, म्हणजे ते पोषण पुढे माशाला मिळते. काही दिवसांनी गोठवलेली, वितळवलेली कोळंबी किंवा समुद्री माशाचा तुकडा लांब फीडिंग स्टिकच्या टोकाला लावून, पाण्यात थरथरवत, त्याच्या नजरेच्या टप्प्यातून आडवा न्यावा. थेट तोंडावर नेल्यास तो मागे सरतो. पहिल्या दिवसांत तो नुसताच पाहील. आठवडाभर भुकेला ठेवल्याने धडधाकट प्रौढ लायनफिशचे काही बिघडत नाही, आणि बहुतेक वेळा ही भूकच काम करते. हा मुद्दा फक्त लायनफिशसारख्या मोठ्या शिकारी माशांना लागू आहे. मँडरीन किंवा अँथिअस यांच्यावर असा प्रयोग करणे म्हणजे त्यांना मारणे होय.

स्टिक वापरण्यामागे आणखी एक कारण आहे. लायनफिशच्या पाठीवरच्या, पोटाखालच्या आणि शेपटीजवळच्या काट्यांत विष असते, आणि खाद्य पाहून उत्तेजित झालेल्या माशाजवळ हात नेऊ नये. काटा लागलाच, तर तो भाग भाजणार नाही इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. सवय लागल्यावर प्रौढ माशाला आठवड्यातून दोन-तीनदा, कोळंबी, समुद्री मासा आणि स्क्विड असे आलटून पालटून द्यावे. केवळ क्रिलवर (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) त्याला ठेवू नये.

प्रश्न : नवे मासे विलगीकरणाच्या टँकमध्ये ठेवून तांब्याचा उपचार (परजीवी मारण्यासाठी पाण्यात तांब्याचे औषध) करावा, असा सल्ला मिळाला. तसे केले आणि पहिल्याच दिवसापासून अँथिअस माशांनी खाणे सोडले. उपचार थांबवावा का?

उत्तर : तांब्याने भूक मंदावते, हे खरेच आहे. आपण बहुधा पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली असावी. प्रवासाने शिणलेल्या, अनोळखी पाण्यात आलेल्या माशावर हा तिसरा ताण झाला. माझा क्रम असा असतो : आधी दोन-तीन दिवस शांतता आणि खाद्य, मासे खाऊ लागल्यावर अल्प मात्रेने सुरुवात, आणि चार-पाच दिवसांत चढत्या क्रमाने उपचाराची पातळी. कीलेटेड आणि आयनिक या तांब्याच्या औषधाच्या दोन प्रकारांच्या उपचारमात्रा एकमेकांपासून कित्येक पटींनी वेगळ्या असतात, म्हणून आपल्या औषधाच्या प्रकाराला जुळणाऱ्याच टेस्ट किटने रोज मोजणी करावी. सध्या पाण्याचा काही भाग बदलून तांब्याची पातळी खाली आणावी आणि मासे खाऊ लागेपर्यंत तिथेच थांबावे.

याला एक अपवाद आहे. माशांचा श्वास इतरांच्या तुलनेत स्पष्टपणे वेगवान असेल, ते प्रवाहात तोंड करून राहत असतील आणि अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ दिसत असेल, तर तो व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम, असण्याची शक्यता मोठी आहे. तो काही दिवसांत संपूर्ण टँक संपवू शकतो. तेव्हा भुकेची वाट पाहत उपचार लांबवू नये.

अँथिअस खुल्या पाण्यात थव्याने तरंगून प्लवक खातात, त्यामुळे त्यांना तळाशी पडलेले खाद्य दिसतच नाही. बारीक मायसिस, कॅलानस (एक बारीक कवचधारी प्लवक) किंवा माशांची अंडी पंपाच्या सौम्य प्रवाहात, दिवसातून चार-पाच वेळा सोडावीत. विलगीकरणाच्या टँकमध्ये मुरलेला, म्हणजे उपयुक्त जीवाणू वसलेला, स्पंज फिल्टर नसेल, तर एवढ्या खाद्याने अमोनिया हमखास वाढतो आणि मासे पुन्हा खाणे सोडतात. म्हणून न खाल्लेले खाद्य अर्ध्या तासात नळीने ओढून काढावे आणि अमोनिया रोज तपासावा.

अमोनियावरून आठवले : लांबचा प्रवास करून आलेल्या माशाची पिशवी उघडून ती तासन्‌तास ड्रिपवर (टँकचे पाणी थेंबथेंब सोडत) ठेवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साईड साठल्याने सामू खाली गेलेला असतो आणि अमोनिया त्याच्या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साईड निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी वीस-पंचवीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, विलगीकरणाच्या टँकचा खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याशी जुळवून ठेवलेला असावा, आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच टँकमध्ये घ्यावा; पिशवीतले पाणी फेकून द्यावे. त्या संध्याकाळी दिवे बंदच ठेवावेत आणि खाद्य दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात तो जे खात होता तेच, चिमूटभर द्यावे.